कुंपण नसलेले फाटक

मी, डोरीन एडिथ थर्टल, वयाची ब्याऐंशी वर्षे पुरी केलेली, राहणार दोन नंबर मार्श कॉटेज, ईस्ट हॅव्हरली, नॉरफोक, पूर्वी छत्तीस वर्षे या गावच्या पॅरिश पंचायतीची चिटणीस, हे मृत्युपत्र माझ्या राजीखुशीने, कोणाच्या धाकाला, गोड बोलण्याला किंवा घरपोच आणून दिलेल्या केकला बळी न पडता स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. माझे गुडघे गेले आहेत आणि उजवा कान कामातून गेला आहे, पण डोके ठिकाणावर आहे. याबद्दल कोणाला शंका असेल तर मागच्या महिन्यात पंचायतीच्या सभेला हजर असलेल्या कोणालाही विचारावे. बसथांब्याच्या नव्या छपराच्या कागदात मी तीन चुका दाखवल्या आणि तिन्ही मान्य झाल्या.

यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे, म्हणजे १९७४ चे, १९९१ चे आणि बेरिल मॉब्सवर चिडून एका दुपारी केलेले १९९८ चे, आजपासून रद्द समजावीत.

कलम एक. माझी एकुलती एक मुलगी रोझलिन हिने या मृत्युपत्राची अंमलबजावणी करावी. ती लीड्सला दंतवैद्य आहे. लोकांना गप्प बसवून आपले काम उरकण्याची तिला सवय आहे, तेव्हा ती हे नीट करील. तिला एकच सांगणे आहे. रोझलिन, प्रत्येक कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाच. आज हे घर आपले आहे ते एका माणसाने पानाची फक्त पहिली ओळ वाचली म्हणून.

कलम दोन. राहते घर, परसबाग, कोळशाची खोली आणि दक्षिणेच्या भिंतीवरचा पिवळा गुलाब रोझलिनला मिळावा. तिने ते विकू नये असे मी म्हणत नाही, म्हणजे घर, गुलाब नव्हे. पण विकायचेच झाले तर वर्षभर राहणाऱ्या माणसाला विकावे, सुट्टीपुरते येऊन बार्बेक्यू पेटवणाऱ्याला नव्हे. हिवाळ्यात गावातल्या अठ्ठावीस घरांच्या खिडक्या बंद असतात. त्यात माझ्या घराची भर पडू नये.

मुळात हे घर मॅनर फार्मचे. माझा नवरा विल्फ मळ्यावर कामाला होता आणि काम आहे तोवर छप्पर, अशा बोलीवर आम्ही १९६४ साली येथे राहायला आलो. विल्फ फारसा बोलत नसे. लग्नाच्या वेळी पाद्रीबाबांनी विचारलेल्या प्रश्नालाही त्याने मान हलवून उत्तर दिले होते, दुसऱ्यांदा विचारावे लागले. मालकाने सांगितले ते करायचे, त्यात कमी नाही आणि जास्तही नाही, हा त्याचा बाणा. मी बरोबर उलट. पंचायतीत काम करणारी बाई गप्प राहून चालत नाही.

कलम तीन. विल्फची निळ्या पुठ्ठ्याची वही कौंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, दप्तरखान्याला द्यावी. मूळ वही द्यावी, झेरॉक्स नव्हे, आणि पोच घ्यावी. तिच्यात सत्तावीस पाने भरलेली आहेत. दप्तरखान्यातल्या लोकांना ती कशाची आहे हे कळावे म्हणून, आणि गावातली नवी मंडळी ही हकिकत रोज नव्याने चुकीची सांगतात म्हणून, ती येथे सविस्तर लिहून ठेवते.

आमच्या चर्चच्या मागून एक वाट निघते आणि खाजणाच्या कडेकडेने समुद्रावर जाते. गाव याच वाटेने होड्यांकडे जाते, शिंपले वेचायला जाते, पोरांना पोहायला नेते, कुत्री फिरवते. मोटाररस्त्याने तोच समुद्र तीन मैल पडतो. वाट मॅनर फार्मच्या जमिनीतून जाते. कायदा असा आहे की एखादी वाट लोकांनी वीस वर्षे उघडपणे, परवानगी न मागता आणि कोणी न अडवता वापरली, तर तिच्यावर लोकांची वहिवाट लागते आणि मालकाला ती बंद करता येत नाही. जुने मालक मिस्टर ऑल्डिस हे जाणून होते. त्यांच्या वकिलाने त्यांना युक्ती सांगितली की वर्षातून एक दिवस वाट अडवा. लोक त्या दिवशी परत फिरले की मोजणी तुटली. त्यांनी नाताळचा दिवस निवडला आणि कुलपाचे काम विल्फला दिले. दर नाताळला सकाळी दहा ते दुपारी चार फाटकाला कुलूप लावायचे, तेथे बसायचे आणि वहीत लिहायचे.

पण पहिला नाताळ यायच्या आधीच, १९७८ च्या जानेवारीत, समुद्र आत आला. दोन होड्या, टेलरबाईंचा कोंबड्यांचा खुराडा आणि फाटकाच्या दोन्ही बाजूंचे सगळे कुंपण घेऊन गेला. फाटक तेवढे राहिले. मिस्टर ऑल्डिस यांनी कुंपण परत घातले नाही. म्हणाले, कुलूप लावायला फाटक आहे ना, झाले. तेव्हापासून उघड्या माळावर एकटे फाटक उभे आहे आणि त्याच्या दोन्ही अंगांनी गवताने भरलेली ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर आरामात जाईल एवढी जागा आहे. बाहेरचा माणूस हसतो. आमचे गाव मात्र फाटकाशी थांबते, कडी काढते, आत जाते आणि मागे वळून फाटक लावून घेते. पावसातसुद्धा. फाटक उघडे टाकून जाणाऱ्याला आमच्याकडे वळण नाही असे म्हणतात.

पुढे मिस्टर ऑल्डिस गेले आणि २००१ साली मिस्टर क्रिस्पिन लेडगार्ड यांनी मॅनर फार्म घेतले. त्यांना समुद्राच्या बाजूला सुट्टीत भाड्याने द्यायच्या अकरा लाकडी झोपड्या बांधायच्या होत्या आणि त्यांच्या अंगणातून आमची कुत्री जायला नको होती. २००५ च्या मार्चमध्ये फाटकावर पाटी लागली: खाजगी, वाट बंद. पंचायतीने कौंटीकडे अर्ज केला की ही वाट गावाची आहे, नोंद करा. अर्ज मीच लिहिला. मिस्टर लेडगार्ड यांनी हरकत घेतली, म्हणून जाहीर चौकशी ठरली. पुरावा म्हणून गावातल्या लोकांकडून फॉर्म भरून घ्यायचे होते. ते वाटण्याचे, समजावण्याचे आणि गोळा करण्याचे काम चिटणीस म्हणून माझ्याकडे आले.

आणि येथेच घोळ झाला, तो माझ्यामुळे. फॉर्मवर एक प्रश्न होता: वाटेवर कधी कुलूप असे का, आणि असल्यास तुम्ही काय करत होता? गावातल्या प्रत्येकाने तो फॉर्म माझ्या स्वयंपाकघरात, माझ्यासमोर बसून भरला. ज्या बाईने कचऱ्याचा डबा एक दिवस आधी बाहेर ठेवला म्हणून चार घरांना पत्रे पाठवली, जिने चर्चच्या कठड्यावर सायकल टेकवू नये असा ठराव करून घेतला, तिच्यासमोर कोण लिहील की मी कुलपाला वळसा घालून गेलो? त्रेचाळीस फॉर्म आले. त्रेचाळीस लोकांनी लिहिले: नाताळला कुलूप असे, आम्ही परत फिरत असू. मीही तेच लिहिले. माझ्या छत्तीस वर्षांच्या नोकरीतली ती एकमेव खोटी नोंद आहे आणि ती माझ्या स्वतःच्या फॉर्मवर आहे. कारण मी दर नाताळला बादली घेऊन त्या फाटकाला वळसा घालून समुद्रावर जात होते. विल्फला नाताळच्या संध्याकाळी व्हिनेगर घातलेले शिंपले लागत. पण पंचायतीच्या चिटणिसाने कुलूप ओलांडले हे कागदावर कसे लिहायचे? मला वाटे, सगळ्या गावात अशी चोर मी एकटीच.

फॉर्मच्या प्रती नियमाप्रमाणे मिस्टर लेडगार्ड यांना मिळाल्या. दुसऱ्या दिवशी ते आमच्या दारात उभे.

“मिसेस थर्टल, एवढं सज्जन गाव मी जन्मात पाहिलं नाही,” ते म्हणाले. “कुंपण नाही, काही नाही, तरी एक माणूस म्हणून वळसा घालून गेला नाही. त्रेचाळीस सह्या आहेत.”

“मला वाचता येतं,” मी म्हटले.

“मग हेही कळलं असेल, की दरसाल गाव परत फिरलं म्हणजे मोजणी दरसाल तुटली. मला वकील कशाला हवा? माझा खटला तुम्हीच लढलात.” मग ते माझ्या खांद्यावरून आत बघत म्हणाले, “विल्फ, चौकशीला तेवढी वही घेऊन ये. कुलूप लावत होतास एवढं सांगायचं. आणि घराची काळजी करू नकोस. तू मळ्याचा माणूस आहेस तोवर घर तुझंच.”

विल्फने मान हलवली.

दार लावल्यावर मी त्याला नको नको ते बोलले. “बावळटासारखी मान काय हलवतोस? तो धमकी देऊन गेला, कळलं का तुला? आणि तू जाणार त्याच्या बाजूनं?”

“बोलावलंय. जाणार.”

“आणि गाव? गावाचं काय?”

“गावानं मला बोलावलं नाही,” विल्फ म्हणाला.

हे खरे होते. मी त्रेचाळीस लोकांना फॉर्म दिले होते, पण कुलूप लावणाऱ्याला विचारावे हे माझ्या डोक्यातही आले नव्हते. तो मळ्याचा, म्हणून पलीकडचा. तीन आठवडे आम्ही एका टेबलावर जेवत होतो आणि मीठ दे एवढेच बोलत होतो. मला वाट गेल्याचे दुःख होते, पण त्याहून जास्त दुःख होते की ती माझ्या नवऱ्याच्या तोंडून जाणार.

चौकशी २००७ च्या एप्रिलमध्ये गावच्या हॉलमध्ये झाली. कौंटीबाहेरून आलेल्या चौकशी अधिकारी बाईंना सर्दी झाली होती. मी पुढच्या टेबलावर पंचायतीसाठी इतिवृत्त लिहीत होते. प्रथम आमचे अध्यक्ष पर्सी गॉट्स उठले. मासेमारीचा धंदा, आवाज मोठा. मिस्टर लेडगार्ड यांच्या बॅरिस्टरने विचारले, नाताळला कुलूप दिसल्यावर तुम्ही काय करत होता?

“परत फिरत होतो,” पर्सी छाती काढून म्हणाले. “कुलूप म्हणजे कुलूप. आम्ही शिस्तीची माणसं आहोत.”

टाळ्या पडल्या. आपल्याच पायावर धोंडा पडतोय आणि गाव टाळ्या वाजवतेय, हे पाहून मला रडू यायचे बाकी राहिले.

मग विल्फला बोलावले. त्याने लग्नातला कोट घातला होता. बॅरिस्टरने वही उंच धरून दाखवली. प्रत्येक पानाच्या पहिल्या ओळीत लिहिलेले होते: नाताळ, फाटकाला कुलूप, दहा वाजता. सत्तावीस वर्षे, सत्तावीस ओळी. बॅरिस्टर म्हणाला, माझे काम झाले, आणि खाली बसला.

अधिकारी बाईंनी नाक पुसले आणि वही मागून घेतली. दोन पाने उलटली. मग चष्मा काढून परत घातला.

“मिस्टर थर्टल, तुमचं अक्षर मला लागत नाही. पहिल्या ओळीच्या खाली काय लिहिलंय?”

“ते खाजगी आहे, बाईसाहेब.”

“कुणाचं खाजगी? तुमचं?”

“नाही. गावाचं.”

“मग वाचा.”

विल्फने विचारले, “सगळं?”

“सगळं.”

विल्फने वही घेतली, मधलेच पान उघडले आणि तो भरतीओहोटीचे वेळापत्रक वाचावे तसा वाचू लागला. “एकोणीसशे पंच्याऐंशी. फाटकाला कुलूप, दहा वाजता. सव्वादहा, पर्सी गॉट्स, कुत्र्यासकट. डावीकडून वळसा. म्हणाला, नाताळ मुबारक विल्फ, डोरीनला सांगू नकोस. पावणेअकरा, पाद्रीबाबा, टॉवेल. उजवीकडून. म्हणाले, डोरीनला सांगू नकोस. अकरा, टेलर कुटुंब, सहा जण आणि पतंग. म्हणाले, तुझ्या बायकोला...”

पुढचे ऐकू आले नाही. हॉलमध्ये असा हशा उसळला की अधिकारी बाईंनी टेबलावर पेला आपटला. पर्सी गॉट्स यांचा चेहरा शिजवलेल्या खेकड्यासारखा लाल झाला होता. विल्फ थांबला, शांत होईपर्यंत वाट पाहिली, आणि पुढची ओळ वाचली.

“साडेअकरा, माझी बायको. बादली. डावीकडून. म्हणाली, कुणाला सांगशील तर याद राख.”

ही ओळ मी इतिवृत्तात लिहून घेतली. चिटणिसाला बोलले गेलेले लिहावेच लागते. अक्षर स्वच्छ वाचता येते, पाहून घ्यावे.

त्याने सत्तावीसही पाने वाचली. तास लागला. एक घर सोडून गावातली सगळी घरे त्यात आली, दर वर्षी, नावानिशी, वेळेनिशी, डावीकडून की उजवीकडून हेही. प्रत्येकाला वाटत होते की आपण एकटेच. प्रत्येकाने त्याला नाताळच्या शुभेच्छा दिल्या होत्या आणि प्रत्येकाने माझ्यापासून लपवायला सांगितले होते. सत्तावीस वर्षे तो माणूस मासळीच्या पालथ्या खोक्यावर बसून सबंध गावाचे गुपित राखत होता, आणि घरी येऊन माझ्याबरोबर शिंपले खात होता.

बॅरिस्टर ताडकन उठला. “म्हणजे हे लोक लपूनछपून जात होते! लपून केलेल्या वापराला कायदा मानत नाही.”

“लपून?” अधिकारी बाई म्हणाल्या. “दिवसाउजेडी, मालकाच्या पहारेकऱ्यासमोरून, त्याला शुभेच्छा देऊन? ते मालकापासून लपत नव्हते, साहेब. ते यांच्यापासून लपत होते.” आणि त्यांनी पेनाने माझ्याकडे दाखवले. “मिस्टर थर्टल, हे सगळं तुम्ही मालकांना कधी दाखवलं होतं का?”

“दर जानेवारीला वही देत होतो. जुन्या मालकांना, मग या मालकांना. पहिली ओळ बघून सही करून परत देत. खाली त्यांची सही आहे.”

होती. दर पानाच्या तळाशी मालकाची सही. शेवटची चार पाने मिस्टर लेडगार्ड यांची. मी त्यांच्याकडे पाहिले. ते बॅरिस्टरकडे पाहत होते आणि बॅरिस्टर छताकडे.

अधिकारी बाईंनी विचारले, आपला फॉर्म कोणाला दुरुस्त करायचा आहे का? मी पेन खाली ठेवले आणि उभी राहिले. चिटणिसाने उभे राहून हात वर करायचा नसतो, पण त्या दिवशी मी केला. मग पर्सी उठले. मग पाद्रीबाबा. मग खुर्च्या सरकण्याचा असा आवाज झाला की मला अजून तो आठवला की बरे वाटते. बेचाळीस हात मोजले, मीच मोजले. त्रेचाळिसावा हात बेरिल मॉब्सचा, तो वर आला नाही, त्याचे कारण कलम चारमध्ये आहे.

घरी येताना मी विल्फला विचारले, “इतकी वर्षं बोलला का नाहीस? मला वाटायचं, गावात मी एकटीच लबाड!”

“त्यांनी सांगितलं होतं, सांगू नको.”

“आणि आज मुद्दाम सगळं वाचलंस ना? त्याला बुडवायला?”

“कुलूप लाव म्हणाले, लावलं. लिही म्हणाले, लिहिलं. वाच म्हणाले, वाचलं,” विल्फ म्हणाला, आणि मग त्याने भर रस्त्यात माझा हात धरला. असे त्याने आधी कधी केले नव्हते. त्याने ते मुद्दाम केले की नाही, हे मला आजही माहीत नाही. माझे त्याच्यावर त्या क्षणी जेवढे प्रेम होते तेवढे लग्नाच्या दिवशीही नव्हते, हे मात्र माहीत आहे.

पुढच्याच सोमवारी मळ्याकडून घर खाली करण्याची नोटीस आली. विल्फ मुकाट्याने खोकी शोधायला लागला. मी त्याला खोकी परत ठेवायला लावली. मळ्यावर आयुष्य घालवलेल्या मजुराला म्हातारपणी असे उठवता येत नाही, त्याचा कायदा आहे, आणि तो कायदा झाला त्या वर्षी मी पंचायतीच्या फळ्यावर स्वतः लावला होता. मी एक पानाचे उत्तर लिहिले. मिस्टर लेडगार्ड यांच्या वकिलाने ते नक्कीच शेवटच्या ओळीपर्यंत वाचले असावे, कारण आठ दिवसांत नोटीस मागे घेतली गेली. ऑगस्टमध्ये निकाल लागला: वाट सार्वजनिक, नकाशावर नोंद व्हावी. झोपड्यांचा बेत बारगळला, मिस्टर लेडगार्ड यांना पैशाची गरज पडली, आणि पुढच्या वर्षी हे घर आम्हाला रीतसर विकत मिळाले. दोघांच्या नावावर. विल्फने सही करताना मात्र कागद उलटसुलट करून तीनदा पाहिला.

निकाल लागला त्या वर्षीच्या नाताळला सकाळी दहा वाजता सगळे गाव वाटेवर आले. पर्सी यांनी ब्रास बँड आणला, तो थंडीने बेसूर वाजत होता. फाटकाला कुलूप नव्हते. गावाने विल्फला सगळ्यात पुढे केले, आणि समुद्रापर्यंत जाऊन आम्ही ओरडलो तेव्हा खाजणातले सगळे पक्षी उडाले.

कलम चार. बेरिल मॉब्स, राहणार पाच नंबर मार्श कॉटेज, हिला माझी सायकल, पुढच्या टोपलीसह, द्यावी. वहीतल्या सत्तावीस पानांत जिचे नाव एकदाही नाही अशी ती गावातली एकमेव व्यक्ती. ती खरोखरच कुलूप पाहून परत फिरायची आणि तीन मैल रस्त्याने समुद्रावर जायची. चौकशीत तिने हात वर केला नाही म्हणून लोक तिला फितूर म्हणाले. मी म्हटले नाही. खोटे न लिहिलेला फॉर्म एकच होता आणि तो तिचा होता. म्हणून १९९८ साली गावजत्रेत क्विन्स फळाच्या जेलीचे पहिले बक्षीस तिने परीक्षकाला आपली बाटली आधी चाखायला देऊन मिळवले, हे मी तिला या मृत्युपत्राद्वारे माफ करीत आहे. जेली पातळच होती.

कलम पाच. जॅम करण्याचे तांब्याचे मोठे पातेले पर्सी गॉट्स यांच्या सुनेला. खुद्द पर्सी यांना माझ्याकडून काही मिळणार नाही. हॉलबाहेर त्यांनी पाद्रीबाबांना सांगितले की मी डोरीनला घाबरत नव्हतो. त्यांना पातेले धुण्याची मुभा आहे.

कलम सहा. बँकेत जे काही शिल्लक असेल त्यातून माझा अंत्यविधी करावा आणि उरलेले पंचायतीला, समुद्रावरचे शौचालय हिवाळ्यातही उघडे राहावे या एकाच कामासाठी. हे काम झाले नाही तर ते पैसे परत रोझलिनकडे जावेत आणि तिने तसे फळ्यावर जाहीर लिहावे. चर्चमध्ये माझ्याविषयी कोणी चांगले बोलणार असेल तर तीन मिनिटांत बोलावे. नंतर हॉलमध्ये चहा, हॅमचे सँडविच आणि व्हिनेगर घातलेले शिंपले असावेत. मला विल्फच्या शेजारी पुरावे. नऊ वर्षे मी त्याच्याशिवाय काढली आहेत, आणि घरात कोणी गप्प बसणारे नसले की माझ्या बोलण्याला अर्थ राहत नाही.

कलम सात. माझ्या मालमत्तेची ही यादी मी तीनदा तपासली. घर आहे, वही आहे, सायकल आहे, पातेले आहे. वाट यात नाही. ती मी कोणाला देत नाही, कारण ती माझी नाही. ती विल्फने कोणाला दिली नाही, पंचायतही देऊ शकत नाही, मिस्टर लेडगार्ड विकू शकत नाहीत आणि त्यांच्या मुलाच्या हिश्शात ती येऊ शकत नाही. आयुष्यभर झटून मी जे मिळवले त्यातली सर्वांत मोठी गोष्ट अशी आहे की ती या मृत्युपत्रात लिहिताच येत नाही. याहून मोठी श्रीमंती मी तरी पाहिलेली नाही.

कलम आठ. साक्षीदार म्हणून मी दोघांना मंगळवारी दुपारी तीन वाजता बोलावले आहे. एक, गावची नर्स प्रुडन्स क्युबिट. दुसरे, मिस्टर क्रिस्पिन लेडगार्ड. ते आता सत्तरीचे आहेत आणि त्यांचे हृदयाचे ऑपरेशन झाले आहे. मी त्यांना फोन केला.

“मला का बोलावताय?” त्यांनी विचारले. “काही ठेवताय की काय माझ्या नावे?”

“साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, मिस्टर लेडगार्ड. कायदा आहे. तुम्हाला चुकून काही जाऊ नये याची खात्री करायची दुसरी सोय मला सुचली नाही.”

ते हसले. सोळा वर्षांत प्रथमच. मग म्हणाले, “सही करण्याआधी या वेळी सगळं वाचणार आहे मी. शेवटच्या ओळीपर्यंत.”

मी म्हटले, वाचा. म्हणूनच बोलावलेय. साक्षीदारांनी आपापला मजकूर स्वतःच्या हाताने लिहावा आणि आपण येथवर कसे आलो तेही नमूद करावे, अशी माझी अट आहे.

वरील आठही कलमे मी स्वतः लिहिली, स्वतः वाचली, आणि दोन्ही साक्षीदारांच्या समक्ष सही करीत आहे.

ठिकाण: ईस्ट हॅव्हरली, माझे स्वयंपाकघर
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२३, मंगळवार

सही: डोरीन एडिथ थर्टल

साक्षीदार पहिली: मिसेस थर्टल यांनी माझ्यासमोर सही केली. नाडी ठीक, तब्येत ठीक, आवाज खणखणीत. मी मोटारीने आले.
सही: प्रुडन्स क्युबिट

साक्षीदार दुसरा: मी सर्व कलमे दोनदा वाचली. कलम तीनमध्ये माझ्याविषयी लिहिलेले खरे आहे. मिसेस थर्टल यांनी माझ्यासमोर सही केली आणि त्या पूर्ण शुद्धीवर आहेत, मला हे सोसावे लागले आहे. येण्याचा मार्ग लिहायचा त्यांचा आग्रह आहे. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितले आहे, म्हणून मी चालत आलो, गावाच्या वाटेने.
सही: क्रिस्पिन लेडगार्ड, मॅनर फार्म